घरच्या घरी दांडे: बांधावरची बाभूळ पडली आहे, पुढं काय करू?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. आमची जमीन बेळगावजवळच्या येळ्ळूरकडची, काळी. पावसात भात, मागनं मसूर-हरभरा. वळवाच्या वाऱ्यात बांधावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी झाली. फांद्या जळणाला गेल्या, खोड तेवढं राखून ठेवलंय. बुंध्याला फूटभर जाड आहे आणि पहिल्या फांदीपर्यंत साडेचार फूट तरी सरळ निघेल.

घरात दांड्याविना पडलेल्या हत्यारांचा ढीग आहे. आजोबांच्या वेळची कुदळ, दोन खोरी, टिकाव, किलोचा हातोडा, दोन कानशी, आईची खुरपी. बाजारातनं आणलेला खोऱ्याचा दांडा सुगीत कडकन मोडला. वरनं लाल रंग, चकचकीत. मोडल्यावर आत बघितलं तर सगळ्या रेषा तिरक्या पळालेल्या आणि बरोबर मोडल्या जागी गाठ.

माझ्याकडं करवत, कुऱ्हाड, रंधा, दोन पटाश्या आणि एक जाड कानस एवढंच आहे. लेथ नाही. खोड वखारीत नेऊन कापून आणू की घरीच फोडू? आपल्याकडच्या पावसात वाळवायचं कसं? आणि तेल कुठलं लावायचं? जाणकारांनी सांगा.

उद्यमबाग_फिटर

शंभर-सव्वाशे रुपयांच्या दांड्यासाठी एवढा उपद्व्याप? शनिवारच्या बाजारातनं चार दांडे घ्यायचे, एक मोडला की दुसरा. उगीच वेळ घालवुलाय बघा.

कणकुंबीकर

फिटरसाहेब, चार दांडे घेतले तरी चारही तसलेच असतात, तेच तर ते सांगुलेत.

बांधावरचे, बाभूळ मिळाली आहे तर नशीबवान आहात. आमच्या घाटाकडं दांड्याला पहिली पसंती धामणीला. लवचीक लाकूड, दणका बसला तर वाकतं, मोडत नाही. पूर्वी धनुष्यं आणि पालखीचे दांडे धामणीचे करायचे ते त्याचसाठी. तिच्यामागनं धावडा. जड, चिवट, कुऱ्हाडीच्या दांड्याला एक नंबर. बैलगाडीचे आखसुद्धा धावड्याचे असायचे. खरं ही दोन्ही झाडं आता जंगलातच, आणि जंगलातली काडीही आणायची नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं, तेव्हापासून तर खानापूरच्या रानात नजर आणखी कडक आहे. ते बरंच आहे म्हणा.

सागवानाच्या मोहात पडू नका. दारं-खिडक्यांना सागवानासारखं लाकूड नाही. दणक्याला मात्र ते ठिसूळ. रंध्याच्या, पटाशीच्या मुठीला चालेल. कुदळीला नको.

बाभूळ म्हणजे नांगर, कुळव, गाडीची चाकं. तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही.

सीमेवरचा_मुसाफिर

एक शंका. चंदगडला माझ्या मामांच्या मालकीत धामण आहे. दोन फांद्या गाडीत टाकून बेळगावला आणल्या तर चालतं का?

कणकुंबीकर

राज्याची हद्द ओलांडून लाकूड न्यायचं तर वाहतुकीचा पास लागतो. मामांना तिथल्या वन खात्यात विचारायला सांगा. सोपं उत्तर हवं असेल तर मामांच्याच अंगणात दांडे तासा आणि तयार दांडे लावलेली हत्यारं घेऊन या. सुट्टीही होईल.

आणि कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. मालकीच्या जागेतलं उभं झाड तोडायलाही परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ असल्या लागवडीच्या झाडांना सूट आहे. बांधावरच्यांची बाभूळ वाऱ्यानं पडलीय, तरी तलाठ्याच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

जुनी_पटाशी

उशिरा बघितला धागा. आमच्या घरात सुतारकी, त्यामुळं जरा लांबडं लिहितो.

वखारीत नेऊ नका. करवतीचं पातं सरळ जातं, लाकडाची रेषा सरळ जात नाही. झाड थोडं पिळलेलं असतं, थोडं वाकलेलं असतं. करवत त्या रेषा कापत जाते आणि दांड्याच्या कुशीत रेष बाहेर पडते. तुमचा लाल दांडा तिथंच मोडला. लाकूड फोडलं की ते स्वतःच्या रेषेनं फुटतं. फोडलेला दांडा दिसायला जरा वाकडा असेल, पण एक रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते. वाकडेपणा चालतो, तुटलेली रेष चालत नाही. या सगळ्या धाग्यात एवढीच गोष्ट ध्यानात ठेवलीत तरी निम्मं काम झालं.

फोडायचं ते आत्ताच, ओलं असताना. वाळलेली बाभूळ फोडायला गेलात तर पाचर उडून येईल. खोडाच्या तोंडावर मध्यातनं कुऱ्हाडीनं खूण करा, कुऱ्हाडीच्या तुंब्यावर, म्हणजे पात्याच्या मागच्या जाड बाजूवर, लाकडी मोगरीनं ठोका, चीर पडली की लोखंडी पाचरी घाला, एक तोंडाला, मग पुढची कुशीत चीर जाईल तिथं. चीर एका बाजूला पळायला लागली तर जाड बाजूवर पाय देऊन दाबा, ती परत मध्याकडं येते. अर्धं, मग पाव, मग पावाचेही दोन. बरोबर मधला मगज तासून काढून टाका. मगज ठेवलेला दांडा वाळताना चिरतोच.

आता सालीलगतचा पांढरा पट्टा. बाभळीचा तांबूस गाभा दगडासारखा, पण पांढऱ्याला भुंगा लागतो. वर्षभरानं दांड्याखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसलं की समजायचं, आत पोखरण चालू झालीय. खोड फूटभर जाड आहे म्हणता, तर गाभ्यातले आठ-दहा दांडे सहज निघतील. पांढरं काढून टाका, चुलीला घाला.

फोडल्यावर लगेच दांडा तासायचा नाही. साधारण दोन इंची चौरस ठेवा, अंतिम मापापेक्षा अर्धा इंच जास्त. लाकूड आटतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत आटतं. आणि रुंदीतही सालीच्या कडेनं जेवढं आटतं तेवढं मगजाकडून सालीच्या दिशेनं आटत नाही, साधारण निम्मंच. म्हणून ओला गोल दांडा वाळल्यावर अंडाकृती होतो.

दोन्ही तोंडांना जुना ऑइलपेंट किंवा मेण फासा. काही नसेल तर शेणमाती. ओल तोंडातनं भराभर निघून जाते, मधली मागं राहते आणि टोकाला चिरा पडतात. तोंड बंद केलं की ओल कुशीतनं हळूहळू निघते.

मुक्काम_निपाणी

वा! आणि आमच्याकडं म्हण आहेच, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बाभळीवर बाभळीचाच दांडा चालवायचा. :)

बांधावरचा

म्हटलं ही म्हण अजून कशी आली नाही!

पटाशीकाका, मनापासून आभार. आजच पाचरी शोधतो. पण वाळवायचं कसं हा प्रश्न राहिलाच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या पडवीतले कपडेही वाळत नाहीत.

जुनी_पटाशी

इंचाला वर्ष असा जुना हिशेब आहे, तो जाड फळ्यांचा. फोडलेले दोन इंची तुकडे पावसाळा सोडून सहा-आठ महिन्यांत वापरण्याजोगे होतात. सावलीत, जमिनीपासून वीतभर वर, मध्ये काड्या घालून रचा. वारा सगळ्या बाजूंनी फिरला पाहिजे. ऊन लागू देऊ नका.

वाळलं की नाही हे अंदाजानं सांगू नका. एका तुकड्यावर खडूनं खूण करा आणि दर महिन्याला भाजीच्या काट्यावर वजन करा. आधी भराभर उतरतं, मग हळू. दोन-तीन महिने वजन तिथंच अडकलं की वाळलं. हवेत जेवढी ओल आहे तेवढी त्यात राहणारच, त्यापुढं ते जाणार नाही.

पावसात चुलीवरच्या माळ्यावर ठेवा. गावात अजून चूल पेटते ना? मग यापेक्षा चांगली जागा नाही. धुरानं किडाही लागत नाही. गॅसवाल्या घरात मात्र दिवाळीपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नाही.

कणकुंबीकर

आमच्याकडं बाभळीचे ओंडके महिना-दीड महिना विहिरीत किंवा तळ्यात टाकून ठेवायचे. मग भुंगा लागत नाही म्हणायचे. आणि तोडायचं ते वद्य पक्षात, अमावास्येच्या आसपास. पटाशी, यात तथ्य किती?

जुनी_पटाशी

पाण्यात मुरवण्यात तथ्य आहे. लाकडात पिठूळ अंश असतो, किडा त्याच्यासाठीच येतो. पाण्यात तो बराचसा निघून जातो, म्हणून मुरवलेल्या पाण्याला घाण वास येतो. बांबूलाही तसंच करतात. तुम्ही पांढरं काढूनच टाकणार असाल तर मुरवायची गरज नाही.

अमावास्येचं मी मानत नाही, पण वडील मानायचे, आणि त्यांच्यासमोर कधी वाद घातला नाही.

शिवारातली_वैनी

सगळे कुदळीवर आणि टिकावावर लिहुलेत. खुरप्याचं कुणी लिहिणार की नाही? भांगलणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात असतं ते खुरपं. टिकाव वर्षातनं कितीदा उचलता तुम्ही?

बाजारात मिळणाऱ्या खुरप्याची मूठ पुरुषाच्या हातासाठी केलेली असते. जाड. आमच्या बायकांच्या हातात ती बसत नाही, मग बोटं जास्त आवळावी लागतात आणि दुपारी अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. त्यावर सगळ्याजणी सायकलची ट्यूब गुंडाळतात. म्हणजे आधीच जाड, त्यावर आणखी जाड! वर घामानं निसटतं ते वेगळंच.

माप असं घ्यायचं: मूठ पकडल्यावर मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्याला लागेल-न लागेल असं पाहिजे. बोट तळव्यात रुतलं तर मूठ बारीक, अर्ध्यातच अडकलं तर जाड. लांबी तळव्यापेक्षा दोन बोटं जास्त. मागच्या टोकाला थोडा फुगवटा, म्हणजे ओढताना हात सुटत नाही. पण फुगवटा तळव्याच्या मध्यावर यायला नको, तो करंगळीच्या बाहेर पाहिजे. तळव्यात आला की फोड ठरलेला.

गुळगुळीत पॉलिश नको. ओल्या मातीच्या हातात ते सरकतं.

लाकूड हलकं चालतं. माझी पेरूची आहे. परड्यातल्या झाडाची छाटलेली फांदी, शेजारच्या बडिगेर अण्णांनी तासून दिली. पेरूचं लाकूड बारीक पोताचं, हाताला टोचत नाही.

बांधावरचा

वैनी, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आईच्या हाताचं माप घेऊनच करतो.

शिवारातली_वैनी

आईंना विचारून करा. त्यांना काय पाहिजे ते त्यांना माहीत असतंय. आणि एक नको, दोन करा. भांगलणीला शेजारीण हटकून मागायला येते.

उद्यमबाग_फिटर

मी आधी थट्टा केली खरं, आता हातोड्याचं मी सांगतो, कारण ते माझं रोजचं आहे. आमच्याकडं शॉपमध्ये हातोड्याचा दांडा हलला की हातोडा लगेच बाजूला. डोकं उडालं तर समोरच्याचं काय होईल ते सांगायला नको.

लांबी: हातोड्याचं डोकं तळहातात धरा, दांडा हाताला टेकवा, बूड कोपराच्या खोबणीपर्यंत आलं की पुरे. घणाला हा हिशेब नाही.

आकार अंडाकृती. गोल दांडा हातात फिरतो, ठोका तिरका बसतो. अंडाकृती असला की अंधारातही तोंड कुठं आहे ते हाताला कळतं. कुऱ्हाडीलाही तेच.

हातोड्याचं भोक नीट बघा. दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद असतं. दांडा खालून घालायचा, वरच्या टोकाला पाचर मारून पसरवायचा, म्हणजे मधल्या अरुंद भागाच्या दोन्ही बाजूंनी तो अडकतो. पाचरीसाठी चीर करवतीनं आधी घ्यायची, डोक्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश खोल, भोकाच्या लांब बाजूला समांतर. पाचर कडक वाळलेली पाहिजे, दांड्यापेक्षा ओली चालणार नाही. शिसवीचा तुकडा असेल तर उत्तम, नसेल तर बाभळीच्या गाभ्याचीच.

बसवताना हातोडा उलटा धरायचा, डोकं खाली लोंबतं, आणि बुडावर मोगरीनं ठोकायचं. डोक्याला आधार द्यायचा नाही. लोखंड जड, ते जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात उतरत जातो. बघणाऱ्याला वाटतं डोकं आपोआप वर चढतंय. चढायचं थांबलं की मग पाचर. त्यावर तिरकी एक लोखंडी पाचर मारली तर उत्तम.

खिळा मारू नका. खिळा लाकूड पसरवत नाही, फाडतो. दर दुसऱ्या घरात खिळा मारलेला हातोडा दिसतो आणि दर दुसऱ्या घरात तो हलत असतो.

मुक्काम_निपाणी

पाचर कशाला, पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवायचा. सकाळी घट्ट!

उद्यमबाग_फिटर

सकाळी घट्ट, आठवड्यानं सैल, आधीपेक्षा जास्त सैल. लाकूड पाण्यानं फुगतं, लोखंड मागं हटत नाही, मग भोकातलं लाकूडच चेपलं जातं. वाळल्यावर ते आधीच्या मापालाही परत येत नाही. दोन-तीनदा भिजवलं की दांडा संपला. अगदी शेतात अडलात तर एक दिवसापुरतं ठीक.

त्यापेक्षा बसवण्याआधी डोक्याकडचं टोक जास्त वाळवा. चुलीजवळ किंवा गरम वाळूत चार-सहा दिवस. ते टोक बाकीच्या दांड्यापेक्षा कोरडं झालं की बसवल्यावर हवेतली ओल घेऊन आतच फुगतं आणि आवळून बसतं.

कणकुंबीकर

फिटरसाहेब, टिकावाचं मात्र उलटं आहे, तेही सांगा. नाहीतर बांधावरचे टिकावालाही पाचर मारतील.

उद्यमबाग_फिटर

होय की. टिकावाला आणि आपल्याकडच्या बऱ्याच कुदळींना पाचर नाही. दांडा वरच्या टोकाला जाड, पकडीकडं बारीक. लोखंड पकडीच्या बाजूनं ओवायचं आणि वर सरकवत जाड भागावर अडकवायचं. फिरवताना लोखंड बाहेर सुटायला बघतं, म्हणजे जाड भागाकडंच जातं, आणखी घट्ट होतं. काढायचं असेल तर दांडा उभा धरून बूड जमिनीवर आपटा, लोखंड खाली सरकतं. हातोड्याला जी ठोक घट्ट करते तीच टिकावाला सैल करते.

म्हणून टिकावाच्या दांड्याचं वरचं टोक भोकाच्या आकारात शांतपणे घासत आणायचं. थोडं घासा, लोखंड चढवा, काढा. जिथं लोखंड घासलं तिथं लाकडावर काळा डाग पडतो. तेवढाच डाग कानशीनं काढा. परत चढवा. डाग सगळीकडं सारखा पडायला लागला की भोक सगळ्या बाजूंनी धरतंय. घाई करून एकदम तासलं तर मग कापडाच्या चिंध्या भरत बसावं लागतं. खोऱ्याच्या कड्यात चिंध्या भरलेल्या तुम्ही बघितल्याच असतील.

बांधावरचा

चिंध्या आमच्याच खोऱ्यात आहेत. :)

अजून एक. रंधा मारून चौरसाचा गोल कसा करायचा? मला दर वेळी एका बाजूला जास्त जातो.

जुनी_पटाशी

आधी अष्टकोन. दीड इंची चौरस असेल तर प्रत्येक कडेपासून साडेतीन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रेघ मारा, चारही बाजूंना. म्हणजे एका बाजूवर दोन रेघा, मध्ये पाच सूत राहतात. रेघेपर्यंत कोपरे रंध्यानं काढले की नीट अष्टकोन झाला. मग प्रत्येक नव्या कोपऱ्यावरनं हलके दोन हात, सोळा बाजू. त्यापुढं कानस. कानशीनंतर काचेचा फुटका तुकडा घ्या, ताजी कडा असलेला, आणि खरवडा. पॉलिश पेपरपेक्षा झकास काम होतं. बारीक पापुद्रे निघतात, धूळ नाही. हातमोजा घाला.

कानशीच्या आणि पटाशीच्या मुठी अष्टकोनीच ठेवा. बाकावरनं घरंगळून खाली पडत नाहीत.

मुक्काम_निपाणी

आता गंभीर होतो. आमच्याकडं ऊसतोडीचे कोयते आणि तंबाखूच्या मळ्यातली खुरपी, दोन्हींना शेपूट असते, म्हणजे पात्याचं मुठीत शिरणारं निमुळतं टोक. शेपूट मुठीत कशी बसवायची हे आमच्या गावचा लोहार फार सुरेख करतो, ते लिहितो.

मुठीच्या तोंडाला आधी कडं. जुन्या पाइपाचा अर्धा इंच तुकडा कापायचा, कानशीनं आतली धार मोडायची. मुठीचं तोंड कड्यापेक्षा केसभर मोठं ठेवून ठोकून बसवायचं. कडं नसेल तर शेपूट आत शिरताना मूठ उभी फाटते.

मग गिरमिटानं भोक, शेपटीपेक्षा बारीक. वर रुंद, खाली अरुंद असं दोन मापांत. शेपूट लाल होईपर्यंत तापवायची आणि भोकात दाबायची. धूर येतो, लाकूड शेपटीच्या आकारात जळतं. लगेच बाहेर काढायची. आत ठेवली तर भोक मोठं होतं. कोळसा झटकून टाकायचा, शेपूट गार करायची आणि मग ठोकून बसवायची. शेवटचं बोटभर अंतर ठोकूनच जायला हवं.

कोयत्याची शेपूट लांब असते, ती मागनं बाहेर काढून वळवून टाकतात, म्हणजे उसाच्या झटक्यानं पातं निघत नाही. जुन्या सुऱ्यांच्या मुठी लाख आणि विटेची भुकटी यांनी भरलेल्या असायच्या. आता एम-सील.

उद्यमबाग_फिटर

कानशीची शेपूट लाल करू नका हं. उष्णता दातांकडं चढते, पाणी उतरतं आणि कानस मऊ पडते. तापवायचीच तर दातांच्या भागाला ओलं फडकं गुंडाळून फक्त टोक तापवा. त्यापेक्षा जुन्या मोडक्या कानशीची शेपूट तापवून भोक जाळा आणि नवी कानस गारच बसवा.

शिवारातली_वैनी

आणि मुठीविना कानस वापरू नका. शेपूट तळव्यात घुसते. आमच्या घरी बघितलंय.

जुनी_पटाशी

तेलाचं राहिलं. जवसाचं तेल, पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड म्हणून मिळतं. पहिला हात थोडा कोमट करून, भरपूर. अर्ध्या तासानं जे वर राहिलं ते पुसून काढा, नाहीतर चिकट होतं. आठवड्यानं दुसरा हात. पुढं वर्षातनं एकदा पुरे. आमच्याकडं तो खंडेनवमीचा नेम आहे. हत्यारं पुजायची तर आधी तेल लावायचं.

व्हार्निश आणि रंग नको. व्हार्निश हातात सोलपटतं, फोड आणतं. रंगाचा उपयोग फक्त विकणाऱ्याला, गाठ झाकायला.

आता हे नीट वाचा. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते. चुरगळलेल्या फडक्यात ती अडकते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उघड्यावर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. भुशाच्या ढिगाजवळ तर बिलकूल नको.

सीमेवरचा_मुसाफिर

करंजेल चालेल का? घरात आहे.

जुनी_पटाशी

लाकडाला बरं, किडा जवळ येत नाही. पण ते वाळत नाही, हात तेलकट राहतात आणि वास जात नाही. खुरप्याला नको, गाडीच्या जूला लावा.

बांधावरचा

शेवटचा प्रश्न खोऱ्याचा. दांडा किती लांब? आणि आमच्या एका खोऱ्याचं पातं फार आत वळलंय, माती ओढताना कंबर मोडते. दांडा तिरका बसवून कोन बदलता येईल का?

कणकुंबीकर

लांबी: खोरं जमिनीवर टेकवून सरळ उभे राहा, दांडा बेंबीच्या जरा खाली यावा. पाट फोडायला आणि चिखलात आखूड बरा, कोरड्या मातीला लांब. घरात दोन खोरी आहेत ना, एकाला आखूड, एकाला लांब ठेवा.

कोन दांड्यानं बदलायला जाऊ नका. दांडा तिरका बसवला की कड्याच्या दोनच जागांवर सगळा जोर येतो आणि तिथंच तो कातरला जातो. खोरं लोहाराकडं न्या, कडं तापवून तो दोन मिनिटांत उघडून देईल. दांडा करायच्या आधी न्या, नंतर नको. तापवायचं म्हटलं की दांडा काढावाच लागतो.

बांधावरचा

बरं झालं आधी विचारलं. खोरं उद्याच नेतो. पाचरीसाठी शिसव कुठनं आणू हाच विचार करुलोय. माळ्यावर एका मोडक्या जुन्या खुर्चीचा पाय आहे, काळा, जड. शिसवीचाच वाटतोय. त्यातनं काढल्या तर चालतील ना?

जुनी_पटाशी

चालतील की. पाय फोडूनच पाचरी काढा, कापून नको. खिळ्याचं भोक असेल तेवढा भाग टाळा आणि शिसवीची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, काहीजणांना शिंका आणि खाज सुटते. तोंडाला फडकं बांधा.